जिन्यावरचा शॉट

प्रिय ताई,

फोनच करणार होते. तीनदा नंबर लावला आणि तीनदा ठेवून दिला. फोनवर तू मधेच ‘जाऊ दे गं’ म्हणतेस आणि माझं बोलणं तिथेच अडतं. हे जाऊ द्यायचं नाहीये. चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

रविवारी मास्तरांचा सत्कार होता. दिग्दर्शक म्हणून पन्नास वर्षं झाली म्हणे. त्यांच्या हाती मानचिन्ह द्यायला मला बोलावलं होतं, कारण मला त्यांनीच घडवलं असं निमंत्रणपत्रिकेत छापलं होतं. मी शूटिंगवरून तशीच गेले, सासूच्या मेकअपमध्ये. अकरा वर्षं एकाच मालिकेत एकाच दाराआडून मी लोकांचं बोलणं ऐकतेय. गुडघे कितीही दुखू देत, मालिकेतल्या सासूने खुर्चीवर बसून ऐकायचं नसतं. तेवढी एक खुर्ची मागितली, तर पोरगेलासा दिग्दर्शक म्हणाला, ‘मॅडम, बसून कपट दिसत नाही.’ हे वाचून तू हसशील. हसून घे, कारण पुढे हसण्यासारखं काही नाही.

मंचावर मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्याने साहजिकच जिन्यावरच्या शॉटबद्दल विचारलं. चौतीस वर्षं झाली, तरी त्या सिनेमाचं नाव निघालं की लोकांना तोच शॉट आठवतो. नायिका धावत जिना उतरते, वळणावर कठडा धरते, कठडा निखळतो आणि ती किंचाळत खाली कोसळते. तर मास्तर खुर्चीत रेलून म्हणाले, ‘खरी भीती अभिनयाने येत नाही हो. सुताराला सांगून कठड्याचे स्क्रू मीच काढून घेतले होते. पोरीला पत्ताच नव्हता. म्हणून ती किंकाळी अशी काळजात घुसते.’ सभागृह हसलं, ताई. मग टाळ्या वाजल्या. आणि मास्तरांनी माझ्याकडे बोट करून म्हटलं, ‘विचारा हिलाच, अजून माझ्यावर रागावलेली असेल.’

इथून पुढे मी त्याला अहो-जाहो करणार नाही. तुझ्या मांडीचं हाड दोन जागी मोडलं, पाय कायमचा दोन बोटं आखूड झाला, आणि या माणसाला पडलं कोण तेसुद्धा आठवत नाही. त्याच्या लेखी तू नव्हतीसच.

तू दवाखान्यात होतीस तेव्हा तो आपल्या घरी आला होता, आठवतंय ना? बाबांसमोर बसून त्याने मान हलवत सांगितलं की मुलगी गुणी आहे, पण बेसावध, ठरलेल्या जागी पाऊल टाकलंच नाही. बाबांनी उलट त्याचीच माफी मागितली. आणि तूही तेच धरून बसलीस. कोणीही विचारलं की ‘माझंच पाऊल चुकलं’ हे तुझं वाक्य तयार. टेलिफोन खात्यात तीस वर्षं लोकांचे नंबर जोडून दिलेस, तिथल्या मैत्रिणींनाही हेच सांगितलंस.

चौथ्या दिवशी त्याने तुझ्या जागी मला उभं केलं. म्हणाला, बहिणीच आहेत, पाठीमागून घेतलेले शॉट वाया जाणार नाहीत. खरंच गेले नाहीत. त्या सिनेमात अंगणातून चालत जाते ती तू आहेस, खिडकीशी पाठमोरी उभी आहे ती तू, आणि जिन्यावरून पडते तीही तूच. माझा नुसता चेहरा. त्या वर्षी मला बक्षीस मिळालं तेव्हा परीक्षकांनी मुद्दाम त्या किंकाळीचं नाव काढलं होतं. बक्षीस घेऊन मी घरी आले, तर तू उशीवर पाय ठेवून पडल्या पडल्या माझ्या पुढच्या सिनेमाचे संवाद वाचत होतीस, दुसऱ्या दिवशी माझ्याकडून पाठ करून घ्यायचे म्हणून. तुझा मला तेव्हा राग आला होता. इतकं चांगलं कोणी वागू नये, समोरच्याला उभं राहायला जागा उरत नाही.

तर रविवारी मी माइक हातात घेतला आणि म्हटलं, ‘पडले ती मी नाही. ती माझी मोठी बहीण. त्यानंतर ती कधी जिना धावत उतरली नाही आणि कधी कॅमेऱ्यासमोर आली नाही. तुम्ही आत्ता टाळ्या वाजवल्यात त्या कशाला, ते एकदा तिच्या घरी जाऊन बघा.’ मानचिन्ह मी त्याच्या हातात दिलं नाही, टेबलावर ठेवलं आणि खाली उतरले. निवेदिकेने घाईघाईने पुढचं गाणं जाहीर केलं. पहिल्या रांगेतले जे माझे सहकारी म्हणवतात, त्यातला एकही उठला नाही. दाराशी एकाने मला बाजूला घेऊन समजावलं, म्हातारा माणूस आहे, आता कशाला. तो तरुण होता तेव्हाही हेच लोक म्हणत होते, मोठा माणूस आहे, आत्ता कशाला. बुधवारी मालिकेच्या ऑफिसातून कळलं की माझं पात्र परदेशातल्या मुलीकडे राहायला जातंय. बरं झालं, गुडघ्यांना आराम.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. एका वर्तमानपत्रातली बाई पुढच्या आठवड्यात तुला भेटायला येतेय. तुझा पत्ता मीच दिला. ती यायच्या आत तुला हे माझ्याकडून कळायला हवं. स्क्रू काढल्याचं मला रविवारी कळलं नाही, ताई. त्या सकाळी तुझ्याबरोबर सेटवर आले होते, तेव्हाच माहीत होतं. सुतार चहा प्यायला बाहेर आला होता, मला म्हणाला, ‘तुझ्या ताईला सांग, कठड्यावर भार देऊ नकोस. मी सांगितलं तर माझं काम जाईल.’ मी सांगायलाच मेकअप रूममध्ये आले. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, ‘ही नुसती मधे मधे करते, हिला काही येत नाही.’ मी पाण्याचा ग्लास ठेवला आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, थोडी दचकेल, चार लोकांत फजिती होईल, होऊ दे एकदा. एवढंच वाटलं होतं, पण वाटलं होतं. नंतर चौकशीला आले त्यांना मी सांगितलं की कठडा जुना होता. चौतीस वर्षं तुला तुझं पाऊल चुकलं असं म्हणताना ऐकलं आणि मी गप्प बसले. तुझं पाऊल बरोबर पडलं होतं, ताई. त्या बाईला सगळं सांग, आणि त्याचं नाव घेशील तेव्हा माझंही घे.

तुझीच,
धाकटी