वाहता चर तुंबवताना

तीर्थरूप बाबांना गुडघाभर चिखलातून नमस्कार.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि कानाच्या डॉक्टरकडे तुम्ही जात नाही, म्हणून लिहिते. मी मजेत आहे. खोली उबदार आहे, बूट तेवढे कधीच वाळत नाहीत.

तुम्ही जन्मभर लोकांचे तुंबलेले नळ आणि मोऱ्या मोकळ्या केल्यात, आणि तुमची लेक इथे वाहते चर तुंबवते! ही दलदल पूर्वी कुणीतरी चर खणून सुकवली होती. आता पाणी अडवलं की शेवाळ परत येतं, त्यामागून किडे, बेडूक, पक्षी.

हसू नका, पण पहिल्याच आठवड्यात मला एक चर पानापाचोळ्याने चोंदलेला दिसला. हाताची सवय! तासाभरात लख्ख केला. मुकादमबाई कपाळाला हात लावून बसल्या. तो पाचोळा म्हणजे त्यांनी महिनाभर खपून घातलेला बांध होता. वाटलं, आता गाशा गुंडाळावा लागणार.

मीच तो पुन्हा बांधला, तरी पाणी कुठूनतरी झिरपतच राहिलं. शेवटी जमिनीखालच्या नळाची गळती ऐकायला तुम्ही रोवता तशी पहार रोवली आणि वरच्या टोकाला कान लावला. गळती सापडली! बाईंनी मला वर्षभरासाठी ठेवून घेतलंय.

आई म्हणते, तुम्ही हल्ली कामाला जायचं टाळता. खरं का?

काल त्या पाण्यात पहिला बेडूक दिसला. अजून गप्पच आहे. बाबा, कान दाखवून घ्या. तो ओरडायला लागला की मी फोन लावणार आहे, आणि तुम्हाला ऐकू यायलाच हवं.

तुमची उपद्व्यापी लेक