विरजण कुठून आणलंस

माय,

फ्रीजमध्ये एक डबा येऊन बसलाय. गोल, पांढरा, वर निळी अक्षरं. तुझ्या नातीनं पुण्याहून आणला. म्हणाली, "बाबा, हे ग्रीक योगर्ट. घट्ट, बिनसाखरेचं. तुम्हाला नक्की आवडेल." मला काय आवडेल हे मला आधीच सांगणाऱ्या माणसांकडे मी कसा बघतो ते तुला ठाऊक आहे. मी डबा उलटा केला, चष्मा लावला आणि मागचं बारीक छापलेलं सगळं वाचून काढलं. दूध आणि जिवाणू, एवढंच. इतकं थोडं लिहिलंय म्हणजे काहीतरी लपवलंय, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "लपवलं नाही, काढून टाकलंय. पाणी." मग ते पाणी कुठं गेलं, कुणी नेलं, त्याचं काय केलं, असं मी विचारू लागलो तेव्हा ती कपाळाला हात लावून आंघोळीला गेली. घरात कुणी नाही असं पाहून मी चमचाभर तोंडात घातलं, आणि ओट्याला टेकून उभा राहिलो. चक्का होता, माय. आंबटपणा थोडा कमी, कापडाचा तो ओलसर वास नाही, पण चक्काच. ज्या ग्रीकांचे दाखले मी आयुष्यभर भाषणांत दिले ते दही टांगत होते, हे मला एकाही पुस्तकानं सांगितलं नव्हतं. का हेसुद्धा कुण्या कंपनीनं नुसतं ठेवलेलं नाव आहे? माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. पण डबा अर्धा संपलाय.

अंबाजोगाईचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं येतं. खुंटीला वडिलांच्या जुन्या धोतराचा उकळून पांढराफेक केलेला तुकडा, त्यात सकाळी बांधलेलं दही, खाली पितळी पातेलं, आणि दिवसभर त्यात पडणारा एकेक थेंब. दिवेलागणीपर्यंत ते सुरीनं कापता येईल इतकं घट्ट व्हायचं. बाकीच्या घरांत चक्का फक्त पाडव्याच्या श्रीखंडाला. तू तो बाराही महिने करायचीस आणि पाडवा सोडला तर साखरेला शिवू द्यायची नाहीस. तेलात लसूण आणि लाल तिखट परतून त्याच्यावर ओतायचीस, आणि ज्वारीची गरम भाकरी. खाली गळलेलं पाणी पिठल्यात. वांग्याच्या भाजीत घालायचा असला की पातेलं आधी चुलीवरून खाली यायचं. मी एकदा घाईनं उकळत्या भाजीत ओतला आणि सगळ्याच्या गुठळ्या झाल्या, तेव्हा तू म्हणालीस, "फाटलं न्हाई तर काय हुईल? जरा निवू द्यावं, बाबा. तुला समदंच उकळत्यात घालायची सवय."

आणि विरजणाची ती छोटी झाकणाची वाटी. रोज दही लागलं की कुणी घास घ्यायच्या आधी तू त्यातलं वाटीभर बाजूला काढून फडताळात ठेवायचीस. तुझ्या सासूकडून आलेलं विरजण, खंड न पडता चाललेलं. गल्लीतल्या बाया दिवसा येऊन चमचाभर न्यायच्या. दिवे लागल्यावर मात्र विरजण द्यायचं नाही आणि मागायचंही नाही, घरातलं दूधदुभतं जातं म्हणून. मी कॉलेजात शिकवणारा, सुधारणावाद्यांची पुस्तकं पालथी घातलेला. मी तुझी थट्टा करायचो. म्हणायचो, "माय, त्या जिवाणूंना घड्याळ कळत नाही." तू म्हणायचीस, "त्यांला न्हाई कळत. मला कळतंय."

मग ती वर्षं आली. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. आम्ही त्याला एका शब्दात खाउजा म्हणायचो आणि चौकाचौकांत त्याच्याविरुद्ध बोलायचो. जे बोललो त्यातलं बरंचसं खरं निघालं आणि तेवढ्यासाठी मी आजही कुणाची माफी मागणार नाही. पण एक सभा वेगळी होती. समोरच्या किराणा दुकानदारानं पाकीटबंद दह्याची एजन्सी घेतली होती, तिच्याविरुद्ध ती सभा होती. तोच दुकानदार, कपाळावर भस्माचे पट्टे ओढणारा, जो मी औरंगाबादला शिकत होतो तेव्हा माझी पत्रं तुला वाचून दाखवायचा. तुला अक्षर येत नव्हतं. तू पत्र पदरात झाकून त्याच्या दुकानात जायचीस आणि तो गिऱ्हाईक थांबवून वाचायचा. त्याच्या दारात काचेचा फ्रीज येऊन उभा राहिला, हायवेवरच्या मांजरसुंब्याकडून दह्याची गाडी यायला लागली आणि चंदेरी झाकणांचे कप फ्रीजमध्ये रांगेनं बसले. तो फुशारकीनं मला म्हणाला, "सर, बघा तरी. पंधरा दिस नासत न्हाई." मी तिथल्या तिथं म्हणालो, "जे नासत नाही ते मेलेलं असतं." आजूबाजूची माणसं हसली. तो हसला नाही. मला वाक्य सापडलं होतं आणि वाक्य सापडलं की मला समोरचा माणूस दिसत नसे.

सभेच्या आदल्या दुपारी मी पाच-सहा कार्यकर्ते जेवायला आणले. तू शेतावर गेली होतीस. भाकरी होत्या, चटणी होती, दही संपलं. मी फडताळ उघडलं आणि ती वाटीसुद्धा ताटात रिकामी केली. एकानं बोटानं पुसून घेतली. तू परत आलीस तेव्हा दिवे लागले होते आणि वाटी मोरीत धुतलेली उपडी पडली होती. तू ती सुलटी करून आतून बोट फिरवलंस.

"इरजण कावून खाल्लंत?"

"वाटीभर दही गं माय. शेजारून आण."

"दिवे लागले न्हवं."

"मग काहीही कर. उद्या संध्याकाळी मला चक्का पाहिजे. तुझ्या हातचा. लोकांना दाखवायचाय."

एवढं बोलून मी पत्रकं वाटायला निघून गेलो. तुला कोंडीत पकडतोय हे माझ्या ध्यानातही आलं नाही. परत आलो तेव्हा दूध विरजून झाकून ठेवलेलं होतं आणि तू तोंड फिरवून तांदूळ निवडत होतीस. कुठून आणलंस, मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस.

सभा त्याच्या दुकानासमोरच. माणसं दाटीवाटीनं उभी. मी ताटात चक्का घेऊन उभा राहतो, ताट सगळ्यांसमोर उलटं करतो, आणि चक्का पडत नाही. टाळ्या. मी म्हणतो, "यात कंपनी नाही! यात माझ्या मायचा हात आहे! पिढ्यान् पिढ्या चाललेलं जिवंत विरजण आहे! आणि ते बघा, त्या काचेत काय ठेवलंय? मढी!" माझा आवाज डोंगरापर्यंत जात असावा. तो दुकानदार गल्ल्यामागं बसून माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. जरासा हसल्यासारखा वाटला, आणि त्या हसण्याचा मला त्या क्षणी संशय आला. सभा संपल्यावर आमच्यातल्या काहींनी फ्रीज उघडला आणि कप रस्त्यावर फेकले, पायाखाली तुडवले. मी माईकवरून "शिस्त पाळा" म्हणालो. एकदाच म्हणालो, आणि बेतानं. माझा आवाज किती चढू शकतो ते सगळ्या गावाला माहीत होतं. तू दारात उभी होतीस. पांढऱ्या रस्त्याकडं बघत होतीस.

दोन दिवसांनी सकाळी बंब पेटवायला गेलो आणि राखेत मला एक चंदेरी झाकण सापडलं. काळवंडलेलं, कडेला वितळलेलं, पण न जळलेलं. ते घेऊन मी तुझ्यापुढं आलो.

"हे काय आहे?"

"इरजण."

"त्याच्याकडनं आणलंस?"

"मग कुणाकडनं? दिवे लागलते. मागायचं न्हाई म्हणून इकत आणलं. इकत आणलेलं मागितलेलं नसतंय."

"आणि त्याला कळलं कशाला नेतेस ते?"

"त्यानंच तर सांगितलं, मावशी, हे गारगार हाय, दूध जरा जास्त कोमट ठेवा, म्हंजी लागंल."

"मग तो सभेत का बोलला नाही?"

तू माझ्याकडं असं बघितलंस की मी शाळेतला पोर झालो. "तुझी अब्रू गेली असती म्हणून. आन् माझी बी. जा, त्याला सांगून ये. माईक लावून बोललास, आता माईक लावूनच सांग, की ते दही मेलेलं न्हवतं. मेलेलं असतं तर माझं दूध लागलं असतं का?"

मी सबंध आयुष्यात इतका बिनतोड युक्तिवाद ऐकलेला नाही. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, हा त्याचा डाव आहे. त्यानं मुद्दाम तुला कप दिला, वेळ बघून तो मला उघडा पाडणार. तू म्हणालीस, "तोंड लई मोठं हाय रे तुझं. कान कुठं ठिवलेस?" आणि उठून गेलीस. मी खरंच वाट बघत राहिलो, माय. प्रत्येक सभेत वाटायचं, आज तो उठेल आणि सांगेल. तो कधीच उठला नाही. त्याच्या दारात जाणं लोकांनी कमी केलं. मग एका दुपारी एक टेम्पो आला आणि फ्रीज गेला. कार्यकर्त्यांनी त्याला विजय म्हटलं आणि मला हार घातला. तू मीठसुद्धा त्याच्याच दुकानातून आणत राहिलीस, आणि धोतराचा तुकडा खुंटीवरून काढून घडी करून पेटीत ठेवलास. त्या पाडव्याला श्रीखंड झालं नाही. त्यानंतर कधीच नाही. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "इरजण तुटलं." तुटलं कुठं होतं? दूध रोज लागत होतं. त्याच कपाचं.

तो अजून आहे. थकलाय. दुकान मुलगा बघतो आणि आता तिथं फ्रीज भिंतीला लागून ओळीनं उभे आहेत, कुणी काही म्हणत नाही, मीही नाही. तो बाहेर खुर्ची टाकून बसतो. मी गेलो की म्हणतो, "सर, बरे हाव ना?" एवढंच. इतकी वर्षं मी या वाक्याचा दुसरा अर्थ शोधत आलोय आणि मला तो सापडत नाही, याचाच मला सर्वांत जास्त त्रास होतो.

काल मी त्या डब्यातल्या दह्यात वांगी केली. पातेलं खाली उतरवलं, निवू दिलं, मग दोन मोठे चमचे घालून हलक्या हातानं हलवलं. फाटलं नाही. तुझी नात दोनदा वाढून घेऊन म्हणाली, "बाबा, यात काय घातलंय?" मी म्हणालो, "काही नाही." मग कोमट दुधात त्यातलाच एक चमचा घातला. अजूनही मला वाटत होतं की लागणार नाही, कारखान्यातून आलेलं, इतका प्रवास केलेलं. आज सकाळी पातेलं तिरकं केलं तर दही हाललं नाही. तुझ्या पेटीतलं ते कापड काढून टांगलंय. लिहिताना थेंब ऐकू येतायत.

हे पत्र मी कुठं धाडणार? आणि धाडलं असतं तरी ते तू पदरात झाकून त्याच्याच दुकानात नेलं असतंस आणि त्यानंच तुला वाचून दाखवलं असतं, गिऱ्हाईक थांबवून, एकेक शब्द. संध्याकाळी चक्का झाला की वाटी घेऊन त्याच्या दारात जावं असं मनात येतंय. जाईन की नाही, याबद्दल माझा माझ्यावरच भरवसा नाही. कारण वर एके ठिकाणी मी खोटं लिहिलंय, तुला लिहितानासुद्धा. ते झाकण मला दोन दिवसांनी सापडलं नव्हतं. सभेच्याच दिवशी सकाळी सापडलं होतं. मी त्यावरची राख झटकली होती, त्याच्यावरचं नाव वाचलं होतं, आणि मी चौकात ताट उलटं केलं तेव्हा ते माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं.