सातवी नळी

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कारण कंबर धरली आहे). गुडघा कसा आहे? मामीने जिना उतरायची बंदी उठवली का?

माझं म्हणाल, तर तीन दिवस घास उतरत नव्हता. आम्ही तळ्याच्या तळात नळ्या ठोकून गाळ वर काढतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गाळ बसताना त्यातले लोहाचे बारीक कण त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेकडे कलून बसतात आणि हजारो वर्षं हलत नाहीत (आपल्या नात्यात इतकं शिस्तीचं कुणी नाही). थरामागून थर मोजले की पृथ्वीचं चुंबकत्व कसकसं बदलत गेलं ते कळतं. तर सातव्या नळीत कल एकदम उलटा निघाला! म्हणजे उत्तर-दक्षिणेची अदलाबदल! आमचे मार्गदर्शक सर खुर्चीतून उठलेच. पुढच्या वर्षी निवृत्त होणारा माणूस, तीस वर्षं चिखल उपसलेला. त्यांनी परिषदेला कळवूनसुद्धा टाकलं. जो तो माझं अभिनंदन करतोय आणि मी पळ काढतेय. कारण ती नळी होडीत माझ्या हातून निसटली होती, आणि 'वर' दाखवणारा बाण मी नंतर अंदाजाने काढला होता.

तीन दिवस सरांना चुकवलं. चौथ्या दिवशी नळ्या साठवायच्या थंड खोलीत गेले. शेजारच्या भोकातून तेवढ्याच खोलवरची आणखी एक नळी आम्ही काढून ठेवतो. ती मोजायची राहिली होती. दोन्ही शेजारी ठेवल्या. जुन्या ज्वालामुखीच्या राखेचा पांढरा पट्टा एकीत वर, दुसरीत खाली. तशीच सरांकडे गेले.

"सर, पृथ्वी नाही उलटली. मी नळी उलटी धरली."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "परिषदेला मी कळवतो. दुसरी नळी मोजायच्या आधी नाचलो, ती चूक माझी. पण बाण अंदाजाने काढला, हे वहीत तुमच्या हाताने लिहा." लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. सर म्हणाले, "आता बसा. काही खाल्लंत का?" आणि मामा, मला रडूच फुटलं.

तुमची भाची

ता. क. सरांचं निभावलं. खरी पंचाईत पुढेच आहे. मी आईला पहिल्याच दिवशी फोन करून बसले होते. 'माझ्या लेकीने पृथ्वीची उत्तर फिरवली' असं तिने सगळ्या इमारतीला सांगितलंय आणि रविवारी माझं भाषण ठेवलंय. तुम्ही तिचे थोरले भाऊ. तेवढं तिला समजावाल का?

आणखी एक : ती विचारेल, "मला का नाही सांगितलं?" सांगा, होता नव्हता तेवढा धीर सरांच्या खोलीतच संपला.