ओढ्याच्या अलीकडे, स्वतंत्र

१ मार्च १९९८
तलाठी परीक्षेच्या जनरल नॉलेजमध्ये आज 'सर्वात लहान' हे पान वाचलं. अमेरिकेत ऱ्होड आयलंड, कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेट, जर्मनीत ब्रेमेन, आपल्याकडं गोवा. सगळी बारकी, पण आपापल्या कारभाराची! आणि आमच्या वाडीला दिव्याचा एक खांब मागायचा तर गावात जाऊन सरपंच गेणभाऊच्या दारात ताटकळायचं. संकल्प: वाडीची वेगळी ग्रामपंचायत. सरपंच कोण, ते वाडी ठरवील. (मीच.)

४ मार्च
ब्रेमेन दोन तुकड्यांत आहे. आमची वाडीही ओढ्यानं दोन तुकड्यांत. आरतीला हे समजावलं. ती म्हणाली, आधी मोटार चालू करा, कांदा सुकतोय. बायकोला भूगोलात इंटरेस्ट नाही.

११ मार्च
अर्ज दिला. ग्रामसेवक म्हणाले, लोकसंख्या लई कमी पडती. मी लक्षद्वीप काढलं. त्यांनी चहा पाजला. चिन्हं चांगली आहेत. अभ्यास राहिला, पण चळवळ म्हटली की त्याग आलाच.

२० मार्च
मीटिंग. ओढ्यापलीकडचा भिमाजी आणि शेजारचा जानकू आले. जानकूला वाटलं, कांद्याचा व्यापारी आलाय. ठराव एकमतानं पास.

२७ मार्च, दुपार
काय डोकं चाललंय माझं! चैत्रात जत्रेला भैरोबाची पालखी थेट आमच्या दारी येते. पहिला खांदा आबांचा, म्हणजे माझ्या वडलांचा. तो लागल्याशिवाय पालखी पुढं हलत नाही. आबांचे गुडघे गेलेत, अंगणापलीकडं चालवत नाही, पण त्या दिवशी उभे राहतात. मी मागून कमरेला धरतो. यंदा जत्रेच्या पंचांना लेखी कळवलं: आमच्या हद्दीत पालखी आणायची तर आधी मागणी मान्य करा. आता गेणभाऊ हात जोडत येणार.

२ एप्रिल
पंचांचा निरोप आला. देवाला भांडणात नेत नसतात, यंदा पालखी वाडीत येणार न्हाई.
आबांनी जत्रेसाठी धुवायला काढलेलं उपरणं पुन्हा खुंटीला अडकवलं. आई म्हणाली, तुज्या बापाचं हे शेवटचंच वरीस आसंल, आन् तू दारात देव येऊ दिला न्हाईस. जेवण गेलं नाही. पण ऱ्होड आयलंडलाही सुरुवातीला घरून विरोध झालाच असणार.

५ एप्रिल
ओढ्यापलीकडची घरं फुटली. भिमाजीनं पंचांना कळवलं, आमी गावातच, पालखी आमच्याकडं येऊ द्या. गद्दार लेकाचा! असो. उरलेला प्रदेश जास्त आटोपशीर आहे.

९ एप्रिल
अर्ज मागं घ्यावा, असं वाटलं. निघालो. ओढ्यापर्यंत गेलो. गेणभाऊ सगळ्यांदेखत हसला तर? परत आलो. उद्या नक्की.

१० एप्रिल
ऊन फार होतं.

११ एप्रिल, जत्रा
सकाळी गेणभाऊ स्वतः जीप घेऊन आला. वाटाघाटींसाठी मी खुर्ची पुढं केली. त्यानं तिच्यावर आबांना बसवलं. म्हणाला, चला धर्माजीबुवा, तुमच्याबिगर पालखी उठंना. आणि जानकूच्या मदतीनं खुर्चीसकट उचलून त्यांना जीपमध्ये ठेवलं. आबांनी उपरणं मागितलं. आरतीनं आणून दिलं. मग आई, आरती, आमची पोरगी हर्षाली सगळ्या चढल्या. मागं जागा होती. मला कुणी चल म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही, मी येतो.

वाडीत चिटपाखरू नाही. ओसरीवर बसलोय. गावातला ढोल इथवर ऐकू येत होता. मघाशी थांबला आणि मोठ्यानं चांगभलं झालं. म्हणजे खांदा लागला.

आबांना मागून कमरेला कुणी धरलं असेल?