फुंकरवाल्याची खुर्ची

१ जानेवारी १९५४
नव्या वर्षाचा संकल्प: कुणाचाही हेवा करायचा नाही. वैद्याला शोभत नाही. आणि हेवा करावा असं जव्हारात आहे तरी कोण?
बसायच्या जागी, डाव्या बाजूला, बारीकसं गळू आलंय. घरचा लेप लावला. दोन दिवसांत बसेल.

४ जानेवारी
सरकारी दवाखान्यात पुण्याचे नवे डॉक्टर आलेत, टिपणीस नावाचे. खेड्यांतले लोक सुई बघितली की पळतात, म्हणून बाजारच्या दिवशी इथल्याच कुणा देशी औषधवाल्याला ते शेजारी बसवणार आहेत. खुर्चीसुद्धा मांडलीय. वेताची. मी खिडकीतून पाहून आलो.
देशी औषधवाला म्हणजे मीच. दुसरा कोण? आमच्या बाबांना संस्थानच्या दरबारात पाट होता. विलीनीकरणात दरबार गेला आणि पाट माळ्यावर गेला. आता सरकार खुर्ची देतंय, ठीक आहे. कोट धुवायला टाकला. जानकी म्हणाली, आधी बोलावणं तर येऊ द्या. बायकांना दूरचं दिसत नाही.

७ जानेवारी
बोलावणं नाही. टपाल उशिरा येतं. दवाखाना आमच्या समोरच आहे, पण सरकारी काम टपालानेच होतं.

११ जानेवारी, बाजार
खुर्ची बाबल्याला! जामसरच्या बाबल्या भगताला! नाडी कशाशी खातात हे ज्याला ठाऊक नाही, त्याला! त्याचं काम काय, तर सुईवर फुंकर मारणं. बाबल्या फुंकतो, मग डॉक्टर तीच सुई उकळतात आणि टोचतात. फुंकरही झाली, सायन्सही झालं. साखरशेतचा फागू मागच्या खेपेला दवाखान्याचं कुंपण मोडून पळाला होता. आज हसत हसत दंड पुढे केला मेल्याने.
आणि खरा संताप पुढेच आहे. बाबल्या खुर्चीत बसतच नाही! पाय लोंबकळतात म्हणे. स्वतः जमिनीवर उकिडवा आणि खुर्चीत त्याचं मुंडासं. माझ्या खुर्चीत मुंडासं!
मला हेवा वाटत नाही. फक्त जेवण गेलं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घेऊन गोड बोलायचं असं ठरवलं होतं. तेवढ्यात समजलं, जानकी बाबल्याकडून दाढ फुंकून घेऊन आली. माझी बायको! वर त्याला तिळगूळही दिला, चांगले तीन लाडू. ठणका थांबला म्हणते. अहो, आठ दिवस माझा लवंगेचा अर्क लावतेय, गुण त्याचाच. बाबल्याने फक्त वेळ साधली. आज कुणाशीच गोड बोललो नाही.
गळू लिंबाएवढं झालंय. म्हणजे लेप लागू पडतोय.

१६ जानेवारी
मानापमान बाजूला ठेवून डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, फुंकरच हवी ना? मीही मारतो, आणि तीसुद्धा संस्कृतात. डॉक्टर हसले, म्हणाले, पुढच्या बाजारी या, बघू. बसा ना, असंही म्हणाले. पण बाबल्या मुंडासं खुर्चीतच विसरून गेलेला; ते उचलून बसायचं? मी उभ्यानेच बोललो. शिवाय कोटाला चुण्या पडतात.

१८ जानेवारी, बाजार, दुपारी
मी फुंकर मारली. दाभोश्याची धोंडीबाई पहिली होती. तिने मला वरखाली पाहिलं आणि बाबल्याला विचारलं, ह्यो कोन? बाबल्या म्हणाला, ह्यो वैद, काढा देतो. ती उठली ती थेट फाटकाबाहेर. तिच्यामागे बाकावरचे सगळे. मग बाबल्याच बाजारात धावला आणि एकेकाला गोळा करून आणलं. परत आल्यावर मला म्हणतो, वैदा, तू तं फुकतोस जशी काय चूल पेटवतोस!
सगळे हसले. डॉक्टरही हसले. जळलं मेलं ते सायन्स!
संकल्प: मेलो तरी त्या दारात पाय ठेवायचा नाही.

२० जानेवारी
ताप. पालथा झोपून लिहितोय. गळू पेरूएवढं. जानकी म्हणते, दवाखान्यात चला. कदापि नाही. उद्या बसेल.

२३ जानेवारी
दवाखान्यात गेलो. मागच्या दाराने गेलो, म्हणजे संकल्प तसा मोडला नाही. डॉक्टर म्हणाले, पेनिसिलिन द्यावं लागेल, उजव्या बाजूला. मग त्यांनी सुई काढली. बापरे! बैलाला टोचायची असावी.
मी घाबरलो नाही. सहज विचारलं, बाबल्या आहे का? आज बाजार नव्हता, म्हणून तो नव्हता. म्हटलं, परवा बाजारी येतो मग. डॉक्टर म्हणाले, परवापर्यंत हे अंगभर पसरेल. जानकी रडायला लागली, आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. तापामुळे. शेवटी तिने जामसरला माणूस पाठवला.
बाबल्या आला. आधी विडी मागितली, आरामात ओढली, मग फुंकर मारली. डॉक्टरांनी सुई उकळली. टोचली. दुखलं नाही, कारण मी धीराचा माणूस आहे.
मग बाबल्याने आपणहून मुंडासं उचललं, त्यानेच खुर्ची पुसली आणि म्हणाला, बस वैदा, तुजीच हाय. डॉक्टर म्हणाले, बसा ना. जानकी म्हणाली, बसा हो.
एका बाजूला गळू, दुसऱ्या बाजूला सुई. उभाच राहिलो.

३० जानेवारी
ताप गेला. माझ्या लेपाचा गुण जरा उशिरा येतो.
आणि दवाखान्यातून बोलावणं आलं! टपालाने नाही, डॉक्टर स्वतः आले. जानकीला म्हटलं, बघ! काम जबाबदारीचं आहे. बाजारच्या दिवशी दाराशी थांबून लोकांना सांगायचं, की मीसुद्धा बाबल्याची फुंकर घेऊन सुई टोचून घेतली आणि मला काही झालं नाही. उभ्याने सांगायचं, म्हणजे सगळ्यांना दिसतं. कोट धुवायला टाकला.
खुर्चीचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, तिच्यावर बाबल्याचं मुंडासं असतं ना.
गळू तेवढं बसलं.