बाजारातल्या चौघी आणि प्रल्हादकाकांची याडी

९ सप्टेंबर

माळ्यावरची पेटी अखेर उतरवली. दादाजींच्या काचा. फिल्मच्या आधी काचेवर फोटो निघायचा, तो जमाना. अब्बा आयुष्यभर 'बघू, काढू' म्हणत राहिले. ते गेले आणि स्टुडिओसकट हे कामही माझ्या गळ्यात. निम्म्या काचांना बुरशी. एक मात्र डाग असूनही सुरेख. दारव्ह्याचा बाजार, लाकडाच्या मोळ्या टेकवून बसलेल्या चार बंजारा बायका. तिघी इकडेतिकडे बघताहेत, चौथी सरळ माझ्याकडे. म्हणजे दादाजींकडे. पाकिटावर नाव नाही, साल नाही. दादाजींनी उजेड बघितला, माणसाला नाव विचारलं नाही. राग आला थोडा.

काचेखाली उजेड ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपली आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. अंगठेच अंगठे. कुणाला नाव मात्र ठाऊक नाही.

११ सप्टें.

प्रल्हादकाका राठोड आले. तांड्यावरून, जीपला लटकून, या वयात. अब्बांचे जुने दोस्त. मोबाइल माझ्यापुढे धरला, चौथ्या बाईवर बोट.

"शहनाज बेटी, हे माही याडी हाये."

याडी म्हणजे आई. काका वर्षाचे होते तेव्हा गेली. तिचा फोटो कधी निघालाच नाही. "कशावरून म्हनशीन, तं तांड्यातले बुढे सांगत, तू याडीच्या वळनावर गेला. आन हे पाय, माहंच तोंड हाये का नाई?"

फोटोकडे बघितलं, काकांकडे बघितलं. हनुवटी तीच. किंवा ती तीच असावी असं मलाही वाटलं म्हणून.

दिवाळीपर्यंत हवा आहे. त्यांच्यात दिवाळीला धबुकार असतो, निखाऱ्यावर तूप-लापशी सोडत गेलेल्यांची नावं घेतात. "नाव दरसाली घेतो. पन तोंडच मालूम नाई. कोनाले बोलावून राह्यलो, मलेच समजत नाई." एवढं बोलून काउंटरशी उभ्याउभ्या रडले. मी पंखा वाढवला. दुसरं काय करणार.

१४ सप्टें.

कॉम्प्युटरवर चौथीला बाकीच्यांतून वेगळं काढलं. दिवसभर तिच्या गालावरची बुरशी पुसतेय. इतका वेळ मी कुणाच्याच चेहऱ्याकडे बघितलेलं नाही, स्वतःच्यासुद्धा. कंटाळली आहे ती. फोटो काढून घ्यायची हौस नाही, मोळी विकली जात नाही त्याची चिडचिड. मला आवडली.

काकांचा फोन, फ्रेम केव्हा? म्हटलं, आधी सोनीबाईंना दाखवा. ती त्यांची मोठी बहीण. याडी गेली तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. जिवंत माणसांत याडीला बघितलेली तेवढी एकच.

"तिले कायले?"

"घरात मोठी बाई बसलेली असताना तुम्ही एकट्याने आई ठरवता का?"

हसले. पण आवाजात धाकधूक होती.

१८ सप्टें.

तांड्यावर जाऊन आले, प्रिंट घेऊन. वाटेत सोयाबीन पिवळं पडलंय.

सोनीबाई ओट्यावर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नजर चांगली. प्रिंट हातात घेतला आणि एका क्षणात परत दिला.

"हे आपली बाईच नोय."

"काहून?" काका.

"भुरिया पाय तिची." भुरिया म्हणजे नाकातली नथ. "उजव्या नाकात घालते का आपल्यात कोनी? गोंदनबी उजवीकडं. याडीचं डाव्या नाकपुडीपाशी होतं. मी दूध पेत पेत बोट लावो त्याले."

काकांचं तोंड पाहवेना. बहिणीशी गोरबोलीत भांडले. मला शब्द कळले नाहीत, पण लहान भाऊ मोठ्या बहिणीशी भांडतो ते कुठल्याही बोलीत तसंच असतं. मी चहा न घेता निघाले. उगाच आग्रह धरला बहिणीला दाखवायचा. गप्प फ्रेम करून दिली असती तर...

२० सप्टें.

काकांचा फोन नाही. ते फोन करत नाहीत तर मला चैन नाही, असं उलटंच झालंय.

जेवताना अम्मीला सांगितलं. अम्मी म्हणाली, "जो गया उसका चेहरा खुदा के पास. तू कायकू ढूंढ रही?"

आमच्या घरात भिंतीवर एकही फोटो नाही. दुकानात हजारो, घरात अब्बांचासुद्धा नाही. विचारलं, तुला अब्बा आठवतात ना पण? म्हणाली, "रोज. कभी खांसते हुए, कभी गुस्से में. फोटो में तो एकच जैसे रहते."

माझा धंदाच बुडवायला बसली आहे. पण बोललेलं डोक्यातून जात नाही.

२७ सप्टें.

गिऱ्हाईक नव्हतं. नेटवर बंजारा लोकांची जुनी चित्रं बघत बसले. इंग्रज साहेबांच्या पुस्तकांतली, ठशावर कोरून छापलेली. बैलांचे तांडे, मिठाच्या गोण्या, आरशांचे घागरे. सगळ्या बायकांचे चेहरे एकसारखे, चित्रकाराने दागिने मन लावून बघितले आणि तोंडं अंदाजाने काढली. एका चित्रात बाईच्या उजव्या नाकात भुरिया. म्हटलं, बघा, असतं की उजवीकडे! मग दिसलं, शेजारच्या माणसाची काठीही डाव्या हातात, त्याच्या मागच्याचीही डाव्या हातात. अख्खा तांडा डावखुरा?

मग लक्षात आलं. ठशावर सुलटं कोरलं की छापताना उलटं उमटतं.

आणि मग उठून पेटी उघडली. माझी काच! तिच्यावरचा फोटोच्या मसाल्याचा थर सुटत चालला होता, ओरखडा नको म्हणून मी तो वर ठेवला आणि वरूनच, म्हणजे उलट्या बाजूने, टिपला. आणि नंतर चित्र फिरवायला विसरले. मागे दुकानाची पाटी असती तर अक्षरं उलटी दिसली असती. इथे मागे नुसतं कडुलिंबाचं झाड. झाडाला कुठे डावं-उजवं असतं.

फिरवलं. भुरिया डावीकडे. गोंदण डाव्या नाकपुडीपाशी.

तीन पिढ्यांचा स्टुडिओ आणि ही चूक. दादाजींनी कान उपटला असता.

२८ सप्टें.

काकांना कळवलं. आधी मोटर बंद करायला कुणावर तरी ओरडले. मग, "मी म्हनतच होतो!"

म्हटलं, काका, जरा दमानं. भुरिया डावीकडे आणि गोंदणही डावीकडे म्हणजे तुमच्यातलीच कुणीतरी, एवढंच ठरलं. ते तर सगळ्यांचंच असतं ना? बाजारात आणखी तांड्यांच्या बायकाही येत असतील.

"येत असतीन. पन माहं तोंड त्यायचं नाई."

सुलटा फोटो मोबाइलवर पाठवला. आता सोनीबाईंनी हो म्हटलं की झालं.

६ ऑक्टो.

सोनीबाई हो म्हणत नाहीत, नाही पण म्हणत नाहीत. काका सांगतात, "रोज दाखवतो तिले. सकायी एकडाव, जेवल्यावर एकडाव. मोठा करू करू दाखवतो. पायते आन चूप रायते."

म्हटलं, काका, ओळखपरेड लावलीय का म्हाताऱ्या बहिणीची? काका हसले नाहीत.

मोठा प्रिंट काढून ठेवलाय. फार छान आलाय, हे लिहायला हवं. तिच्या डोळ्यांत दादाजींचा कॅमेरा दिसतो की काय, इतका.

१६ ऑक्टो.

दिवाळी तोंडावर. आज स्वतःच गेले तांड्यावर, प्रिंट घेऊन. काका मोटर चालू करायला शेतात गेले होते. सोनीबाई एकट्याच होत्या, घागऱ्याला टाका घालत होत्या. मी प्रिंट पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"पायला वो बेटी. लय पायला." सुई थांबली. "तुले सांगू का? पयले डोये मिटले का मले याडी दिसे. सबन तोंड नाई दिसे. चुलीपाशी, वाकलेली, अर्धं तोंड. हसे तं दात दिसत. इतकंच होतं मापाशी, पन माहं होतं. आता डोये मिटते तं हे बाजारातली दिसते. सरकतच नाई. चुलीपाशीबी हेच येऊन बसते."

मी म्हटलं, मग हीच असेल याडी. मला स्वतःलाच पटलं नाही.

"असन. नसन. आता मले कशी ओयखू येईन? ताडून पायाले माह्यापाशी याडीच नाई रायली."

मग माझ्याकडे बघून, अगदी साधेपणाने विचारलं, जसं कुणी आपली ठेवलेली वस्तू विचारतं तसं, "माही याडी कुठी गेली वो?"

 शेजारी बसले, घागऱ्याचं टोक धरून ठेवलं. त्या पुन्हा टाके घालायला लागल्या. प्रिंट मी पिशवीत ठेवला, तेवढ्यात काका शेतातून आले आणि पिशवी बघून चेहरा असा फुलला की मी काढून दिला. ते तो हातभर लांब धरून बघत होते, ओठ हलत होते. नाव घेत असतील. सोनीबाई उठून आत गेल्या.

काका म्हणाले, सोनेरी फ्रेम कर बेटी, उद्या फोन करतो. मी हो म्हणाले नाही, नाही पण म्हणाले नाही. प्रिंट परत आणलाय. काउंटरवर पालथा घालून ठेवलाय.