हाक मारल्याशिवाय

३ मार्च

मिशनच्या शाळेच्या वसतिगृहात चादरींचं एक मोठं कपाट होतं. लपाछपी खेळताना माझी धाकटी बहीण चिमी कायम त्यातच लपायची. सगळ्यांना ते ठाऊक होतं, तरी मी येऊन "चिमे, खेळ संपला!" अशी हाक मारेपर्यंत ती बाहेर पडायची नाही. एकदा मी तापाने झोपले होते, तर ही जेवणाची घंटा होऊनही आतच. सिस्टरनी दार उघडलं तेव्हा बाईसाहेब चादरींच्या खळीच्या वासात गाढ झोपलेल्या होत्या.

आज तिनं आखलेलं स्टेडियम पहिल्यांदा पाहिलं आणि ऊर भरून आला. एवढा मोठा घुमट, आणि एकही अवजड वातानुकूलन यंत्र नाही! रात्रीची गार हवा जमिनीखालच्या काँक्रीटच्या भुयारांत फिरते, भिंती थंड करून ठेवते, आणि दिवसा आत घेतलेली हवा त्या भिंतींचा गारवा घेऊन प्रत्येक खुर्चीखालच्या भोकातून हलकेच वर येते. कामगार त्या भुयारांना 'पोट' म्हणतात.

गेल्या वर्षी चिमी त्याच पोटात गेली. हृदय बंद पडलं, असं आम्हाला कळवलं. हवेची शेवटची चाचणी घ्यायला आता मी आले आहे. लग्नानंतर माझं आडनाव वेगळं, त्यामुळे मी तिची बहीण हे इथल्या बांधकामाच्या मुख्य साहेबांना माहीत नाही. मला ते कळू द्यायचंही नाही. ती नेमकी कशी गेली एवढं मला कळायला हवं.

खोली छान आहे. चहाची किटली आहे, खिडकीतून मैदानाचं गवत दिसतं.

५ मार्च

दिवसभर नियंत्रण कक्षात होते. खुर्च्यांच्या रांगांत श्वास मोजणारी उपकरणं आहेत. माणसं जितकी जास्त, तितकी तिथली हवा जड, आणि तितक्या झडपा जास्त उघडतात. रिकाम्या जागेवर वीज वाया जात नाही. ही युक्ती चिमीचीच. लहानपणी वर्गात खिडक्या उघडायच्या की नाहीत, हे ती मुली मोजून ठरवायची.

आज स्टेडियम रिकामं होतं. तरी पूर्वेच्या रांगेत एका खुर्चीपाशी कुणीतरी श्वास घेत असल्याचं पडद्यावर दिसत होतं. झडपा सांभाळणाऱ्या फिटरला विचारलं, तर तो हसत म्हणाला की बाई, तो आपला फुकटा प्रेक्षक, वर्षभर येतोय, अजून एकदाही टाळी वाजवली नाही. उपकरण म्हणे तीनदा बदललं.

संध्याकाळी मी त्या खुर्चीवर जाऊन बसले. खालून गार झुळूक आली. तिला खळीचा वास होता.

८ मार्च

आज फिटर बोलला. चहा पिता पिता, मान खाली घालून.

गळती तपासायची तर सगळ्या झडपा बंद करून पोटात एक जड वायू सोडतात आणि तो कुठून निसटतो ते पाहतात. आत माणूस असेल तर गुदमरून मरतो. म्हणून चिमीनं दंडक घातला होता : झडपा बंद करण्याआधी पोटाच्या तोंडाशी उभं राहून मोठ्यानं हाक मारायची, आणि उत्तराची वाट पाहायची. त्याशिवाय बटणाला हात नाही. ती गेली त्या दिवशी प्रमाणपत्र देणारे पाहुणे येऊन बसले होते. फिटर हाक मारायला निघाला, तर साहेब म्हणाले की तुमच्या बाईंची ही नाटकं पुरे, पाहुण्यांसमोर बोंबलायला हा काय भाजीबाजार आहे?

बटण साहेबांनी स्वतः दाबलं. चिमी आत भिंतीचं तापमान घेत होती.

फिटर रडला. नोकरी जाईल म्हणून वर्षभर गप्प होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझे हात अगदी स्थिर होते. सिस्टर क्षमेबद्दल सांगायच्या ते सारं आठवलं, आणि त्यातलं एक अक्षर माझ्या कामाचं उरलं नाही.

११ मार्च

पोटाच्या तोंडाशी एकटी गेले. दंडक पाळावा म्हणून हाक मारली : आत कोणी आहे का?

आतून कोणीतरी कपाटाच्या दारावर वाजवावं तसं तीनदा वाजलं.

मी घाबरले नाही. मला वाटलं, तीही वाट पाहतेय. माझ्यासारखीच. साहेबांचीच.

१३ मार्च

उद्या पुन्हा गळतीची चाचणी. साहेबांना सांगितलं की आतल्या झडपेची रबरी कड सैल वाटते, तुमच्याशिवाय कुणाला कळायची नाही. खूश झाले. म्हणाले, जुन्या माणसांची नजरच वेगळी. स्वतः आत जाऊन बघतो म्हणाले.

फिटरला छतावरची कामं दिली आहेत.

पूर्वेची ती खुर्ची आज जोरजोरात श्वास घेत होती. धावून आल्यासारखी.

१४ मार्च, सकाळ

झालं.

आत जाताना साहेब हसून म्हणाले की बाई, बंद करण्याआधी हाक मारा हं, इथला नियम आहे. मी मान हलवली.

हाक मारली नाही. बटण दाबलं. वायू सोडला. थोडा वेळ ते पोटाचं दार आतून बडवत होते, मग थांबले. मला इतकं हलकं वाटलं, इतकं —

मग पूर्वेची खुर्ची पडद्यावरून विझली.

दुपार

दारावर वाजणं पुन्हा सुरू झालंय. साहेबांचं नाही. तीनदा. थांबून तीनदा.

आता कळतंय. तिला साहेब नको होते. ती सूड घ्यायला बसली नव्हती. ती हाकेची वाट पाहत होती, वर्षभर — माझ्या 'खेळ संपला' या हाकेची — आणि मीसुद्धा —

हाक न मारता मी तिच्यावर झडपा लावल्या. तिच्यावर हे दुसऱ्यांदा.

उघडायचं बटण दाबलं. झडपा उघडत नाहीत.

नंतर

पडद्यावर खुर्च्या पेटताहेत. एक रांग, मग पुढची. रिकाम्या. सगळ्या श्वास घेताहेत. इकडेच येताहेत, नियंत्रण कक्षाकडे.

मापक सांगतोय, पोटात वायूच नाही. मग गेला कुठे —

टेबलाखालच्या जाळीतून गार येतंय. पाय बधिर. खळीचा वास. दार ओढून पाहिलं. बाहेरून कोणीतरी धरलंय, चिमी कपाटाचं दार आतून धरायची तसं.

चिमे, खेळ संपला. तीनदा ओरडले. जाळीतून ती म्हणाली, ताई, आता तू लप.

लिहून ठेवते. नीट.

माझ्या बांगड्या चिमीच्या मुलीला. तिला सांगा, तुझ्या आईची काही चूक नव्हती. शाल फिटरच्या आईला. निळं पेन शाळेला. साहेबांच्या घरी त्यांचा चष्मा, पोटाच्या तोंडाशी पडलाय, बाकी काही नाही.

फिटर, झडपा उघडण्याआधी हाक मार. माझ्या नावानं नको — तिच्या. आणि उत्तर आलं तर आत

आत कोणी जाऊ न